पेठेतील पडके घर: दुरुस्त करून विकण्याजोगे आहे का?

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावात, जुन्या पेठेत, आठ वर्षे कुलूपबंद असलेले एक घर फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस निघाले. मालक म्हणून कागदावर दोन भाऊ होते, एक सुरतेला आणि एक पुण्यात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील गावांतून कापडाच्या कामासाठी सुरतेला गेलेली माणसे परत येत नाहीत, त्यांच्या घरांना लागलेली कुलपे मात्र वर्षानुवर्षे तशीच राहतात. खान्देशातील कोणत्याही जुन्या पेठेत फेरफटका मारला तर अशी चार-दोन घरे दिसतातच. या भावांची आई २०१५ मध्ये वारली आणि त्यानंतर दार उघडले ते फक्त घरपट्टीच्या नोटिशीसाठी.

घर घेऊ पाहणारे दोघे होते. एक निवृत्त गणित शिक्षक आणि दुसरा त्यांचा भाचा, ज्याचे गावातच विजेच्या सामानाचे दुकान आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून पुढे त्यांना मामा आणि भाचा एवढेच म्हटले आहे. मामांकडे निवृत्तीच्या रकमेतून बँकेत ठेवलेले पंचवीस लाख होते आणि भाच्याकडे दुकानातून बाजूला काढलेले सात लाख. भाच्याचा नाशिकचा एक मित्र जुने फ्लॅट घेऊन, रंग, फरशी आणि नवा ओटा करून ते विकतो. त्यात सुटणारा नफा पाहून भाच्याला हे घर दिसले आणि त्याने दलालाच्या ओट्यावर बसून, २६ लाखांच्या बोलीवर, ५१ हजारांचा इसार देऊन टाकला. इसार पावती हाताने लिहिलेली होती आणि तिच्यात कागदपत्रे स्वच्छ नसल्यास इसार परत करण्याची अट नव्हती.

मी मामांचा माजी विद्यार्थी आणि व्यवसायाने स्थापत्य अभियंता. इसार दिल्यानंतर दहा दिवसांनी त्यांनी मला घर पाहायला बोलावले. हा क्रम उलटा होता, आणि पुढे घडलेल्या बऱ्याच गोष्टी या उलट्या क्रमाचीच फळे आहेत.

अडचण नेमकी कोणती होती

भाच्याचा प्रश्न असा होता की दुरुस्तीला किती खर्च येईल. मामांनी तो लगेच बदलला. दुरुस्त झालेले घर या गल्लीत जास्तीत जास्त कितीला जाईल, हे आधी काढायचे आणि तेथून मागे येत आपण किती देऊ शकतो ते ठरवायचे, असे त्यांचे म्हणणे होते. फ्लॅटच्या इमारतीत शेजारचा फ्लॅट कितीला गेला ते कळले की अंदाज बसतो. पेठेत तसे होत नाही, कारण एका घराच्या भिंती मातीच्या असतात, दुसऱ्याच्या विटांच्या आणि तिसरे पूर्ण नव्याने उभे राहिलेले असते. तरीही नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील सूची क्रमांक दोनचे, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या रकमा दाखवणारे, उतारे काढून आणि गल्लीतील माणसांना विचारून मागील दोन वर्षांतील तीन व्यवहार आम्हाला ताडून पाहता आले.

पहिला व्यवहार १,२०० चौरस फुटांच्या बखळीचा, म्हणजे मोकळ्या जागेचा, होता. ती १८ लाखांना गेली, म्हणजे चौरस फुटाला १,५०० रुपये. दुसरा व्यवहार धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घराचा होता. मालकाने त्याला चकचकीत फरशी, नवे दरवाजे आणि रंगरंगोटी करून ४२ लाख मागितले होते, चौदा महिने ते तसेच पडून राहिले आणि शेवटी ३३ लाखांना गेले. तिसरे घर आरसीसीचे दुमजली नवे बांधकाम होते आणि ते ५२ लाखांना विकले गेले.

दुसऱ्या घराला एवढा वेळ का लागला, याचे उत्तर गावातील एका बँक शाखेत मिळाले. गृहकर्ज देताना बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचे उरलेले आयुष्य लिहितो आणि कर्जाची मुदत त्या आयुष्याच्या आत बसावी लागते. मातीच्या भिंतीचे घर कितीही सजवले तरी त्याचे उरलेले आयुष्य फारच कमी धरले जाते, त्यामुळे कर्ज मिळत नाही किंवा फक्त जागेच्या किमतीवर थोडेसे मिळते. अशा घराला घेणारा तोच, ज्याच्याकडे पूर्ण रक्कम तयार आहे. तालुक्याच्या गावात तीस लाख तयार असलेला माणूस सहसा पेठेत राहायला येत नाही, तो स्टेशनकडच्या नव्या वस्तीत प्लॉट घेतो. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली येथे होती, आणि ती घराबाहेर, बँकेच्या टेबलावर सापडली.

घराची तपासणी

जागा रस्त्याकडून २४ फूट रुंद आणि ७० फूट खोल, एकूण १,६८० चौरस फूट. पुढचे १८ फूट म्हणजे १९८८ मध्ये जुने ओसरीचे बांधकाम पाडून बांधलेला विटांचा आणि स्लॅबचा भाग. त्यामागे ३६ फूट लांबीचे मूळ धाब्याचे घर, म्हणजे माजघर आणि दोन खोल्या. शेवटी १६ फुटांचे परस, त्यात संडास आणि एक मोठा निंब.

पुढच्या भागात खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या होत्या. भाच्याला त्या पाहून धडकी भरली, मला त्यांची फार चिंता वाटली नाही. परसात पाच फूट खड्डा खणून पाहिला, तेव्हा वरची चार फूट काळी माती आणि त्याखाली मुरूम लागला. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे उथळ पायाच्या भिंती दरवर्षी थोड्या उठतात आणि बसतात. आम्ही भेगांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचे ठिपके लावून त्यांवर तारीख लिहिली. पुढच्या भागातील भेगा एप्रिल-मेमध्ये रुंदावल्या आणि ऑगस्टमध्ये मिटल्या, म्हणजे त्या ऋतूप्रमाणे हलणाऱ्या होत्या. मागच्या मातीच्या भिंतीवरील भेगा मात्र पावसाळ्यातही रुंदावतच गेल्या. पुढच्या स्लॅबला हातोडीने ठोकून पाहिले, तेव्हा न्हाणीच्या वरच्या भागात पोकळ आवाज आला. तेथील सळया गंजून काँक्रीटचे कवच सुटले होते, बाकी स्लॅब चांगला होता.

मागच्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तेथेच माणसे फसतात. धाब्याचे घर पहिल्या भेटीत फार आवडते. दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, काळ्या दगडाचे जोते, सागाचे खांब, कोरीव देवळ्या, आणि मे महिन्याच्या दुपारी, बाहेर पारा पंचेचाळीसकडे सरकत असताना, आत शिरल्यावर अंगाला लागणारा तो गारवा. मीही अशाच घरात वाढलो असल्यामुळे मला तपासणीत कठोर होणे जड गेले. परंतु धाबे ही दरवर्षी निगा मागणारी रचना आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर खारी माती पसरून चोपावी लागते, तरच पाणी आत उतरत नाही. दरवर्षी थर चढत गेल्याने धाबे जड होत जाते आणि येथे त्याची जाडी एक फूट भरली. ओलसर मातीचे वजन घनफुटाला साधारण पन्नास किलो धरले तरी ८६४ चौरस फुटांच्या छतावर चाळीस टनांहून अधिक भार होता. आठ वर्षे खारी पडली नव्हती, म्हणजे आठ पावसाळे पाणी थेट छत पेलणाऱ्या लाकडी कड्यांपर्यंत पोहोचले होते.

सागाच्या कड्या मधोमध पाहिल्या तर ठणठणीत होत्या. सुताराने भिंतीत गाडलेल्या टोकांशी पटाशी लावली तेव्हा ती मूठभर आत गेली. सागाला उधई म्हणजे वाळवी सहज लागत नाही, असे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण सतत ओल्या मातीत दबलेली टोके कुजतात, आणि ज्या टोकांवर सगळा भार आहे तीच डोळ्यांना दिसत नाहीत. सोबत आलेल्या वयस्कर गवंड्याने भिंतीच्या बुडाशी लागलेला लोणा, म्हणजे क्षारांचा थर, नखाने खरवडला आणि एवढेच म्हणाला, ‘भाऊ, हाई भिंत नही शे, मातीना ढीग शे.’

कागदपत्रे आणि सुटलेली बहीण

मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल काढणाऱ्या वकिलांना मालमत्ता पत्रकावर एक गोष्ट खटकली. घर वडिलांच्या स्वकष्टाचे होते आणि ते १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्यामागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी होती. वारस नोंद करताना आई आणि दोन मुलगे यांचीच नावे लागली होती, मुलीचे नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार अशा मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुलगी यांचे हिस्से समान असतात. पत्रकावर नाव नसल्याने हक्क जात नाही, कारण ती नोंद मालकी निर्माण करत नाही. भाऊ म्हणत होते की बहिणीचे लग्नात सगळे झाले आहे आणि ती काही बोलणार नाही. वकिलांचे म्हणणे होते की ती बोलत नाही हे ठीक, पण ती सही करते का ते सांगा.

बहीण सही करत नव्हती. येथे व्यवहार चार महिने अडकला. भाच्याचा कल भावांकडून हमीपत्र घेऊन पुढे जाण्याकडे होता. मामांनी त्याला नकार दिला, कारण पुढे ज्या ग्राहकाला कर्ज काढून हे घर घ्यायचे असेल, त्याच्या बँकेचा वकीलही हाच दोष काढणार होता. सदोष हक्काचे घर दुरुस्त करणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खणणे, असे ते म्हणाले.

एप्रिलमध्ये आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ही बहीण चुलत भावाकडे आल्याचे कळले, तेव्हा मामा आणि मामी तिला भेटायला गेले. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि आई गेल्यापासून तिला माहेर म्हणून उघडे दार उरले नव्हते. तिचे म्हणणे ऐकल्यावर असे दिसले की तिला जास्त पैसे नको होते. घर विकण्याचे भावांनी तिला सांगितलेच नव्हते, ते तिला बाहेरून कळले. तिच्या दोन अटी होत्या. तिच्या हिश्श्याची रक्कम भावाच्या हातून न येता थेट तिच्या खात्यात जमा व्हावी, आणि माजघरातील सागवानी देव्हारा तिला मिळावा. दोन्ही अटी खरेदीखताच्या मसुद्यात लिहून घेतल्या आणि ती हक्कसोड न करता स्वतः विकणार म्हणून सहीला उभी राहिली. वकिलांच्या मते हेच अधिक सुरक्षित होते.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय भाच्याच्या मनातला होता, संपूर्ण घराची दुरुस्ती. मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकता येत नाही, म्हणून मागच्या भागात लोखंडी सांगाडा उभा करून, धाबे उतरवून, वर नवे छत घ्यावे लागणार होते. त्याला चौरस फुटाला ९०० रुपये धरून ७ लाख ७८ हजार, पुढच्या भागाला २ लाख ६० हजार, संडास, न्हाणी, ड्रेनेज आणि वायरिंगला दीड लाख, आणि जुन्या घरात निघणाऱ्या अनपेक्षित गोष्टींसाठी वीस टक्के, असा एकूण सव्वाचौदा लाखांचा अंदाज आला. घर साडेएकवीस लाखांत मिळाले असते तरी मुद्रांक, नोंदणी, दलाली आणि पैशाचे व्याज मिळवून एकूण आकडा चाळीस लाखांच्या घरात जात होता. गल्लीने अशा घराला ३३ लाखांवर दिलेले नव्हते. शिवाय परवानगीचाही प्रश्न होता. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत प्लास्टर, फरशी, दारे-खिडक्या बदलणे अशा किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही, पण सांगाडा बदलणे ही किरकोळ दुरुस्ती राहत नाही.

दुसरा पर्याय सगळे पाडून नवे बांधण्याचा. १,५०० चौरस फुटांचे साधे आरसीसी बांधकाम १,९०० रुपये दराने साडेअठ्ठावीस लाखांचे होत होते. एकूण खर्च ५४ लाखांच्या वर जात होता आणि तेवढे भांडवल दोघांकडे नव्हते.

तिसरा पर्याय मला सुचला आणि मामांनी तो आकड्यांत बसवला. पुढचा पक्का भाग नीट दुरुस्त करायचा, मागचा धाब्याचा भाग परवानगी घेऊन उतरवायचा, त्यातले सागवान विकायचे, आणि ‘पुढे राहता येईल असे पक्के घर, मागे मोकळी जागा’ अशा स्वरूपात ते विकायचे. अशा घरावर बँक कर्ज देऊ शकत होती आणि घेणाऱ्याला सोयीने मागे वाढवता येणार होते. जागेचे पंचवीस लाख आणि पुढच्या बांधकामाचे सहा-साडेसहा लाख, म्हणजे ३१ ते ३२ लाखांची अपेक्षा धरता येत होती. साडेएकतीस लाखांतून कामाचा निव्वळ खर्च २ लाख ६५ हजार, खरेदीचा खर्च दोन लाख, विक्रीचा खर्च आणि व्याज २ लाख ४० हजार आणि किमान तीन लाखांचा नफा वजा केला की उरत होते २१ लाख ४५ हजार. घराला द्यायची कमाल किंमत ती होती. मालक २६ मागत होते.

चौथा पर्याय सोडून देण्याचा होता, आणि त्यावर मामा-भाच्यात सर्वांत जास्त वाद झाला. भाच्याला इसाराचे ५१ हजार बुडण्याची भीती होती. मामांनी त्याला विचारले, ‘ते पैसे गेलेच असे समज. आज दारात उभा राहून, खिशात काहीही अडकलेले नसताना, तू हे घर सव्वीस लाखांना घेशील का?’ भाचा गप्प राहिला. त्याच संध्याकाळी त्याने दलालाला निरोप दिला की साडेएकवीसच्या वर जाता येणार नाही, मग इसार गेला तरी चालेल.

काय केले

तपासणीचे टिपण, छायाचित्रे आणि गल्लीतील तीन व्यवहारांचे आकडे भावांना पाठवले. ते आधी २३ लाखांवर आले आणि नंतर साडेएकवीसला तयार झाले, पण त्यातले सहा लाख ‘वरचे’ म्हणजे रोख हवेत, अशा बोलीवर. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख रक्कम घेण्यास आयकर कायद्यानेच मनाई आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण भाच्याला जास्त पटले. खरेदीखतावर साडेपंधरा लाखच दाखवले असते तर विकताना ते सहा लाख कागदावर आमचा नफा ठरून त्यावर कर भरावा लागला असता. पूर्ण रक्कम कागदावर आली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये खरेदीखत झाले. मुद्रांक आणि नोंदणी मिळून सुमारे सात टक्के गेले.

पावसाळ्यात धाब्याला हात लावायचा नाही, हे ठरलेलेच होते. दिवाळीनंतर, नगरपरिषदेच्या परवानगीने, धाबे उतरवायला सुरुवात झाली. माती आधी वरून काढून भार हलका केला आणि मग कड्या एकेक करून उतरवल्या. सागवान बाहेरगावी न्यायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागेल का, हे आधी विचारून घेतले आणि शेवटी माल गावातल्याच फर्निचर करणाऱ्याला २ लाख १० हजारांना दिला. कुजलेली टोके कापूनही मधला माल अपेक्षेपेक्षा चांगला निघाला.

चूक पूर्वेकडच्या भिंतीशी झाली. ती शेजाऱ्याशी सामाईक होती आणि त्याच्या कड्याही तिच्यातच बसलेल्या होत्या. आमच्या कड्या निघाल्यावर भिंतीचा एका बाजूचा आधार गेला. नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस आला, उघडी पडलेली बाजू भिजली आणि भिंत तीन इंच फुगली. शेजारच्या घरात दोन म्हातारी माणसे राहत होती. त्यांना रातोरात मुलाकडे हलवावे लागले. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वकिलाला घेऊनच आले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आधी लोखंडी टेकू दिले, मग विटा-सिमेंटचे तीन पुस्ते, म्हणजे भिंतीला बाहेरून आधार देणारे खांब, बांधले आणि भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरू नये म्हणून काँक्रीटची पट्टी टाकली. याला १ लाख ३५ हजार लागले आणि अंदाजपत्रकात यातला एक रुपयाही धरलेला नव्हता. ही चूक अभियंता म्हणून माझी होती. सामाईक भिंत मी नकाशावर दाखवली होती, पण शेजारच्या घरात जाऊन त्यांच्या कड्या कुठे बसल्या आहेत ते पाहिले नव्हते.

पुढच्या भागाचे काम जानेवारी ते मार्च २०२४ मध्ये झाले. सुटलेले काँक्रीट तोडून, सळया घासून, त्यांवर गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने स्लॅब भरला. जिथे सळई फारच बारीक झाली होती तिथे नवी जोडली. गच्चीवर कोब्यानंतर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दिला, कारण धाब्याचा गारवा गेल्यावर उन्हाचा प्रश्न उरणारच होता. भेगा नुसत्या न बुजवता आधी जाळी मारून मग प्लास्टर केले आणि पावसाचे पाणी पायाशी मुरू नये म्हणून भिंतीलगत उताराची फरशी केली. भाच्याने हट्टाने फॉल्स सिलिंग करून घेतले. ते पन्नास हजारांचे काम पुढे गमतीदार ठरले.

निष्पत्ती

विक्रीची पाटी मे २०२४ मध्ये, आखाजी झाल्यावर लागली. पहिले चार महिने बखळीच्या भावाने विचारणारेच आले. सप्टेंबरमध्ये एक जोडपे आले. पत्नी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे आणि पतीला पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढायचे होते. सव्वाएकतीस लाखांवर सौदा झाला, त्यात वीस लाखांचे बँक कर्ज होते. बँकेच्या मूल्यांकनकाराने १९८८ च्या बांधकामाला पुरेसे आयुष्य दिले, पण त्याआधी त्याला दुरुस्त केलेला स्लॅब डोळ्यांनी पाहायचा होता. म्हणून भाच्याच्या फॉल्स सिलिंगचा एक चौकोन कापून उघडावा लागला. खरेदी पत्नीच्या एकटीच्या नावाने झाल्यामुळे त्यांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्याच्या आसपास, खरेदीखत झाले.

हिशेब असा राहिला. घर साडेएकवीस लाख, खरेदीचा कागदोपत्री खर्च १ लाख ८० हजार, दोन्ही वेळची दलाली ५३ हजार, पुढच्या भागाचे काम ३ लाख १० हजार, पाडकाम आणि मलबा ८५ हजार, शेजारची भिंत १ लाख ३५ हजार, मागचे कुंपण ९५ हजार, घरपट्टी व वीज १५ हजार. एकूण ३० लाख २३ हजार. त्यातून सागवानाचे २ लाख १० हजार वजा होऊन २८ लाख १३ हजार. विक्रीतून ३ लाख १२ हजार सुटले. मामांनी त्यातून ठेव मोडल्यामुळे बुडालेले व्याज, १ लाख ९५ हजार, खर्च म्हणूनच वजा केले. घर चोवीस महिन्यांच्या आत विकल्याने नफा अल्पकालीन ठरला, तो दोघांच्या उत्पन्नात मिळवून सुमारे ४० हजार कर गेला. वीस महिन्यांच्या धावपळीनंतर खऱ्या अर्थाने हातात उरले ७७ हजार. भाच्याने नाशिकच्या मित्राला हा आकडा सांगितला नाही.

वेगळे काय करता आले असते

इसाराच्या पावतीत दोन ओळी हव्या होत्या. हक्क निर्वेध नसल्यास इसार परत, आणि तपासणीसाठी तीस दिवसांची मुदत. या दोन ओळींना विकणारा सहसा हरकत घेत नाही, आणि घेतली तर तीच मोठी सूचना समजावी.

शेजाऱ्याशी बोलणे पाडकामाच्या दिवशी न करता खरेदीच्या आधी करायला हवे होते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे, सामाईक भिंतीबद्दल लेखी समजूत आणि पुस्त्यांचा खर्च आधीच किमतीतून वजा, असे केले असते तर घराला द्यायची कमाल किंमत वीस लाखांच्या आसपास आली असती. त्या किमतीला भाऊ कदाचित तयार झाले नसते आणि व्यवहार झालाच नसता. मला तेही वाईट वाटले नसते. मात्र पुस्ते आधी बांधून मग कड्या काढल्या असत्या, तर म्हाताऱ्या माणसांना रात्री घर सोडावे लागले नसते, आणि ही गोष्ट हिशेबात कुठेच बसत नाही.

चोवीस महिने थांबून विकावे का, यावर विचार झाला होता. २३ जुलै २०२४ पासून घरावरील दीर्घकालीन नफ्याचा दर साडेबारा टक्के झाला आहे, पण मामांचे आणि भाच्याचे उत्पन्न ज्या टप्प्यांत होते, तेथे वाचणारा कर हा आणखी दहा महिन्यांच्या व्याजापेक्षा पुष्कळच कमी होता. लवकर विकणे बरोबरच होते.

एका मुद्द्यावर मामा-भाच्याचे अजूनही जुळलेले नाही. भाचा म्हणतो की पुढच्या भागावर तीन लाख घालण्याऐवजी सगळेच उतरवून रिकामी बखळ विकली असती तर २५ लाख २० हजार आले असते, काम दोन महिन्यांत आटोपले असते आणि डोके शांत राहिले असते. मामा वही उघडून दाखवतात की तसे केले असते तर सागवानाचे पैसे धरूनही साधारण दीड लाखाचा तोटा झाला असता, कारण घराला साडेएकवीस लाख दिले होते ते पुढचा पक्का भाग धरून. भाचा त्यावर म्हणतो, मग साडेएकवीस द्यायलाच नको होते. मामा वही मिटतात.